यंदापुरते

आमच्या घरात एक शिसवी कपाट आहे. त्याचा मागचा एक पाय केव्हातरी वाळवीने खाल्ला, तेव्हा त्याखाली विटेचा तुकडा सरकवून आम्ही वेळ मारून नेली. सुतार आला की पाय बसवून घेऊ, तोवर वीट असू दे, असे ठरले. या गोष्टीला आता चौदा वर्षे झाली. मधल्या काळात सुतार दोनदा येऊन गेला. एकदा देव्हाऱ्याचे दार बसवायला, एकदा बैठकीतल्या खुर्च्या नीट करायला. कपाटाची आठवण कोणालाच झाली नाही. वीट तेथेच आहे, आणि तिला ‘तात्पुरती’ म्हणण्याची आमची सवयही तशीच आहे.

‘तात्पुरते’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. अडलेल्या माणसाला तो सोडवतो. पैसा नसतो, वेळ नसतो, तेव्हा तो धावून येतो आणि काम निभावून नेतो. त्याच्यावाचून कोणाचाही संसार चालला नसता. पण या शब्दाच्या पोटात एक वचनही असते. आज एवढ्यावर भागवा, पुढे नीट करू, असे ते वचन. ते वचन कोणाला दिलेले असते, त्याची आठवण कोणी ठेवायची आणि ते पाळले गेले नाही तर त्याची झळ कोणी सोसायची, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. मलाही ते घरात पडले नव्हते. ते पडले परमुलखात, एका आगगाडीत.

2016 साली माझी पुतणी इंग्लंडच्या उत्तर भागात, हडर्सफील्ड येथे शिकत होती. तिच्याकडे महिनाभर राहायला गेलो होतो. लंडनहून लीड्सपर्यंतचा प्रवास लांबलचक, वेगवान, हातातल्या कपातला चहा हिंदकळू न देणाऱ्या गाडीतून झाला होता. त्यामुळे पुढे एके दिवशी आम्ही दोघे हडर्सफील्डहून शेफील्डला निघालो तेव्हा माझ्या अपेक्षा वाढलेल्या होत्या. फलाटावर आली ती दोन बुटक्या डब्यांची गाडी. दार मोटारबसच्या दारासारखे घडी पडून उघडले. आतले छत, खिडक्या, बसण्याची तऱ्हा सारे बसचेच. गाडी सुटली आणि थोड्याच वेळात वळण आले, तशी चाके रुळावर अशी किंचाळली की मी दचकून पुतणीकडे पाहिले. वळण संपून सरळ रूळ लागला, तर गाडी मागेपुढे डोलू लागली.

पुतणी हसून म्हणाली, “काका, ही बसच आहे. खालची चाकं तेवढी आगगाडीची.”

मला ती थट्टा वाटली. समोरच्या बाकावर एक वृद्ध बाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आमचा रोख त्यांच्या लक्षात आला असावा. त्या आपण होऊन म्हणाल्या, “या गाड्या आल्या तेव्हा माझी मुलं शाळेत होती. तात्पुरत्या म्हणून आल्या होत्या.” हे त्यांनी रागाने सांगितले नाही. आपल्याकडे एखादी आजी गुडघेदुखीविषयी सांगते, तसे सांगितले.

पुढे मी या गाड्यांची हकिकत मिळेल तेथून वाचली. पुतणीची थट्टा अक्षरशः खरी निघाली. या गाड्यांना तेथे ‘पेसर’ म्हणत. त्यांच्या डोलण्यावरून लोकांनी त्यांना मान हलवणाऱ्या गाढवांचेही नाव दिले होते. 1980च्या सुमारास ब्रिटिश रेल्वेपुढे मोठा पेच होता. आडमार्गांवरच्या 1950च्या दशकातल्या डिझेल गाड्या म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि नव्या घ्यायला पैसा नव्हता. 1963 साली डॉ. बीचिंग यांच्या अहवालाने दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली होती, त्याच्या जखमा ताज्या होत्या. पुढे 1983 साली प्रसिद्ध झालेल्या सर्पेल अहवालात तर जे अनेक पर्याय मांडले होते, त्यांतल्या अगदी टोकाच्या पर्यायात देशाचे सारे रेल्वेजाळे 1630 मैलांवर आणून ठेवले होते. अशा दिवसांत कोणा इंजिनिअरांच्या डोक्यात आले की, बसचा सांगाडा स्वस्त पडतो. तोच रुंद करून रुळांच्या चाकांवर बसवला तर? लेलँड कंपनीच्या बसचे भाग घेऊन नमुने तयार झाले, आणि 1984 ते 1987 या काळात दोन दोन डब्यांच्या अशा 164 गाड्या सेवेत आल्या. पुढे दहा गाड्यांना तिसरा डबा जोडला गेला.

एरव्ही आगगाडीच्या डब्याखाली दोन्ही टोकांना चार चार चाकांच्या फिरत्या चौकटी असतात. त्या वळणाबरोबर वळतात. रेल्वेबसच्या डब्याला चारच चाके, दोन आसांवर, एकमेकांपासून नऊ मीटर अंतरावर घट्ट बसवलेली. त्यामुळे गाडी हलकी झाली आणि स्वस्त झाली. आणि त्यामुळेच ती वळणावर किंचाळे. फार तर वीस वर्षे या गाड्या चालवायच्या, असा त्या वेळचा अंदाज होता.

येथवरच्या हकिकतीत मला कोणाचा दोष दिसत नाही. उलट, त्या इंजिनिअरांचे कौतुकच वाटते. घरात तूप नसले म्हणून दिवाळीचे लाडू चुकवायचे नाहीत, डालड्यात वळायचे, अशीच ती काटकसर होती. या स्वस्त गाड्या नसत्या तर कित्येक खोऱ्यांतले रूळ उखडले गेले असते, असे जे म्हणतात त्यांच्या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. रूळ एकदा उखडले की परत येत नाहीत. गाडी वाईट असली तर ती बदलता येते. तात्पुरत्या गोष्टीने कायमची हानी टाळली, हे तिचे पुण्य मान्य केले पाहिजे.

प्रश्न उभा राहतो तो पुढे. या गाड्या कोठे गेल्या आणि कोठे राहिल्या?

नकाशावर टाचण्या टोचाव्या तशी त्यांची गावे पाहिली. यॉर्कशरची लोकरीची आणि कोळशाची गावे. मँचेस्टर आणि लिव्हरपूल यांच्या भोवतीचा गिरण्यांचा लँकशर, ज्याच्यासाठी एके काळी आपल्या वऱ्हाडचा कापूस जहाजात चढत असे. टाइन आणि टीज नद्यांच्या काठचा जहाजबांधणीचा आणि पोलादाचा प्रदेश. दक्षिण वेल्समधली मर्थर, रिम्नी, ऱ्होन्डा ही खाणींची खोरी. आणि नैर्ऋत्येला डेव्हनच्या शाखा. ज्यांनी एका साम्राज्याची चूल पेटती ठेवली आणि चूल विझल्यावर जे विसरले गेले, असेच हे बहुतेक प्रदेश. लंडनच्या उपनगरांत मात्र या गाड्या नित्य सेवेत कधी धावल्या नाहीत. यात कोणी दुष्टपणा केला असे म्हणता येणार नाही. लंडनभोवतीचे बहुतेक मार्ग विजेचे होते, तेथे डिझेल गाडीचे कामच नव्हते. पण वीज जाते तीही जेथे माणसांची दाटी आणि पैशाची ये-जा असते तेथेच. म्हणजे उत्तर दिले तरी प्रश्न एक पायरी मागे सरकतो, एवढेच.

या भूगोलातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. 1985 साली या गाड्यांतल्या तेरा गाड्या जुन्या, मानाच्या तपकिरी आणि दुधी रंगांत रंगवून कॉर्नवॉलकडे पाठवल्या. तेथल्या शाखांवर तीव्र वळणे आहेत. नऊ मीटरांवर ताठ उभी असलेली चाके त्या वळणांवर रुळांना घासून भराभर झिजू लागली. दोनएक वर्षांतच त्या गाड्या तेथून काढून उत्तरेकडे पाठवल्या गेल्या. चाकांनी तक्रार केली, ती दोन वर्षांत ऐकली गेली. कारण चाकाची झीज मोजता येते, तिचे बिल येते. उत्तरेतल्या माणसांची तक्रार ऐकली जायला तीस वर्षे लागली. कारण उभ्याने प्रवास करणाऱ्याच्या पायांची झीज कोणत्याच वहीत लिहिली जात नाही.

वीस वर्षांचा अंदाज संपला, तरी गाड्या धावतच राहिल्या. 1999 साली विन्सफर्ड येथे एका वेगवान गाडीने मागून धडक दिली, तेव्हा पेसरचा बससारखा सांगाडा खालच्या चौकटीपासून सुटला. सुदैवाने कोणी दगावले नाही. चर्चा झाली, आणि गाड्या धावत राहिल्या. 2004 साली उत्तरेकडची रेल्वेसेवा नव्या करारावर दिली गेली, तेव्हा येथले प्रवासी वाढणार नाहीत, असे गृहीत धरलेले होते. प्रवासी वाढले, नव्या गाड्या मात्र करारात नव्हत्या.

आता यातला हिशेब पाहा. गाडी वाईट, म्हणून ज्याला दुसरा मार्ग आहे तो गाडीने जात नाही. म्हणून प्रवासी थोडे, आणि जे आहेत ते थोड्या मिळकतीचे. म्हणून उत्पन्न कमी. म्हणून नवी गाडी परवडत नाही. म्हणून जुनीच राहते. या साखळीतली प्रत्येक कडी खरी आहे. कोणत्याही कडीवर बोट ठेवून ‘येथे अन्याय झाला’ असे दाखवता येत नाही. तरी साखळीच्या शेवटी एक बाई मांडीवर पिशवी घेऊन तीस वर्षे डोलत बसलेली आहे. बेरीज कोठेही चुकलेली नाही आणि उत्तर मात्र चुकलेले आहे, अशी ही स्थिती.

2015च्या फेब्रुवारीत या प्रश्नाला तोंड फुटले. उत्तरेच्या सेवेचा नवा करार निघणार होता. परिवहनमंत्री पॅट्रिक मॅकलॉक्लिन यांचे म्हणणे होते की, नव्या करारात पेसर गाड्या काढून टाकण्याची अट असलीच पाहिजे. खात्याचे सर्वांत वरिष्ठ सनदी अधिकारी फिलिप रटनम यांनी त्यांना लेखी कळवले की, या अटीवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने मोजता येण्याजोगा लाभ फारच थोडा आहे. सरकारी पैशाचा जबाबदार अधिकारी या नात्याने तिचे समर्थन आपल्याला करता येत नाही. मंत्र्यांचा आग्रह असेल तर त्यांनी तसा लेखी आदेश द्यावा. मंत्र्यांनी तसा आदेश दिला. असल्या निकृष्ट गाड्या आणि उत्तरेच्या उत्कर्षाची भाषा यांचा मेळ बसत नाही, अशी त्यांची भूमिका होती. हे गृहस्थ राजकारणात येण्यापूर्वी कोळशाच्या खाणीत काम करीत होते, ही गोष्ट मी पुरावा म्हणून सांगत नाही. पण सांगितल्यावाचून राहवतही नाही.

अशी गोष्ट सांगताना मंत्र्याला नायक आणि अधिकाऱ्याला खलनायक करण्याचा मोह होतो. मला तो पटत नाही. अधिकारी आपल्या धर्माला जागला. सरकारी पैसा हा कोणाच्या तरी कष्टाचा पैसा असतो. जो रुपया गाडीवर खर्च होतो तो रुग्णालयावर होत नाही. हिशेब विचारणारा कोणी नसेल तर न्यायाच्या नावाखाली उधळपट्टी होते, हे आपण आपल्याकडेही पुष्कळ पाहिले आहे. हिशेब पाहिजेच. पण हिशेब एका प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. तो ‘किती’ हे सांगतो. ‘कोणाचे’ आणि ‘किती दिवस’ हे सांगत नाही. शंभर माणसांची दहा दहा मिनिटे आणि एकाच माणसाची हजार मिनिटे त्याच्या लेखी सारखीच. नेहमी त्याच माणसाची मिनिटे जात असतील, तर ती गोष्ट त्याच्या लेखी येतच नाही. ती बेरजेबाहेर राहते, आणि ती जमेस धरायला कोणीतरी आपल्या नावाने सही करावी लागते.

जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1971 सालच्या आपल्या ग्रंथात न्यायाची एक कसोटी सांगितली आहे. आपण कोणाच्या पोटी, कोणत्या स्थितीत जन्माला येणार हे ठाऊक नाही, असे समजून समाजाचे नियम ठरवावेत. या कसोटीवर कोणी म्हणेल, “अहो, पण जुन्या गाड्या कोठेतरी चालवाव्याच लागणार. सगळीकडे एकाच दिवशी नव्या येणार आहेत का?” आक्षेप खरा आहे. जुने कोणाच्या तरी वाट्याला येणारच. परंतु म्हणूनच न्यायाच्या दोन साध्या खुणा उरतात: पाळी आणि तारीख. आज तुमच्याकडे जुनी, उद्या आमच्याकडे, ही पाळी. आणि अमुक दिवसानंतर ही कोणाकडेच नाही, ही तारीख. या दोन्ही असतील तर तात्पुरत्या गोष्टीत अपमान नाही. सगळे मिळून सोसलेली अडचण माणसाला जवळ आणते. पाळी नसेल आणि तारीखही नसेल, तर मात्र त्या अडचणीचे नाव तात्पुरती राहत नाही. मग ती त्या माणसाची पायरी ठरते.

येथे मला माझ्या लहानपणीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगण्यात मला भूषण नाही.

माझी आत्या अकाली विधवा झाली आणि मुलीला घेऊन आमच्या घरी राहायला आली. घर मोठे, मिळकत बेताची. दिवाळीला माझ्या थोरल्या बहिणीला नवे परकर-पोलके शिवले जाई आणि तिचे आदल्या वर्षीचे उसवून, टीप मारून आतेबहिणीला दिले जाई. “यंदापुरतं घाल हं बाळ, पुढच्या वर्षी तुला नवं,” असे आई म्हणे. आणि खोटे म्हणत नसे. दर वर्षी तिच्या मनात तसेच असे. दर वर्षी काहीतरी आडवे येई. अशा सहा दिवाळ्या गेल्या. आतेबहीण कधी रुसली नाही. ‘तिला काही वाटत नाही, शहाणी आहे पोर,’ असे आम्ही सारे कौतुकाने म्हणत असू. त्या कौतुकात आमची किती सोय होती!

इंग्लंडहून परत आल्यावर एकदा तिच्याकडे गेलो असता मी तिला त्या गाडीची गोष्ट सांगितली. ऐकून ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “दादा, जुन्या कपड्यांचं मला खरंच काही वाटत नव्हतं रे. ताईचं पोलकं मला आवडायचं. पण मामी ‘यंदापुरतं’ म्हणायची ना, ते मी दर वर्षी खरं मानायची. नवरात्र संपलं की रंग ठरवायला लागायची. नंतर नंतर रंग ठरवणं सोडलं.”

सत्तरी उलटलेल्या बहिणीला यावर काय उत्तर द्यायचे? गरिबीचा मुद्दा मजजवळ होता, आणि तो खराही होता. तसा तो हिशेबी अधिकाऱ्याजवळही होताच. पण घरात मुली दोन होत्या. एका दिवाळीला पाळी बदलता आली असती. त्याला जास्तीचा एक पैसाही लागला नसता. ते कोणालाच सुचले नाही, कारण जिच्या वतीने सुचायचे ती तक्रार करीत नव्हती. तात्पुरती वस्तू उतारावरच्या पाण्यासारखी वाहत जाते आणि जेथून आवाज उठत नाही तेथे साचून राहते.

त्या गाड्यांचे शेवटी काय झाले, तेही सांगतो. मंत्र्याच्या आदेशाबरोबर दुसरीही एक गोष्ट कामी आली. अपंग माणसांना सर्व गाड्यांतून सुखाने प्रवास करता आला पाहिजे, असा कायदा होता आणि त्याला तारीख होती: 2020चा आरंभ. त्या तारखेलाही थोडी थोडी मुदत वाढवून घेतली गेली, पण तारीख होती म्हणून मुदत मागावी तरी लागली. 2020च्या नोव्हेंबरात उत्तरेतली आणि 2021च्या मे अखेरीस वेल्समधली शेवटची पेसर थांबली. वीस वर्षांचे म्हटलेले तात्पुरतेपण पस्तीस वर्षांवर गेले. यांतल्या सर्वांत जुन्या गाड्यांपैकी पुष्कळशा त्याआधीच इराणात धाडल्या गेल्या होत्या. निवृत्त झालेल्यांतल्या काही सरकारने लोकोपयोगासाठी देऊ केल्या. ब्रॅडफर्डच्या एका प्राथमिक शाळेला त्यातून विज्ञानाच्या वर्गाची जागा मिळावी, असे ठरले. अनेक गाड्या हौशी मंडळींनी जुन्या रेल्वेमार्गांवर जतन करून ठेवल्या आहेत. तेथे लोक तिकीट काढून, मुलांना घेऊन, त्याच किंचाळणाऱ्या वळणांची मौज घ्यायला जातात.

यात विसंगती नाही. गाडी तीच, आवाज तोच; पण आता ती कोणावर लादलेली नाही. जुन्या वस्तूत कमीपणा नसतोच. आजीचे लुगडे आपण हौसेने नेसतो. दुसरे काही मिळणारच नाही म्हणून नेसावे लागले, तर तेच लुगडे अंगाला बोचते.

हा लेख लिहिण्यास बसण्यापूर्वी मी उठून त्या कपाटाकडे गेलो. चौदा वर्षे ते कोठे उभे आहे, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी ते पाहिले नव्हते, इतकेच. ते आमच्या सूनबाईंच्या खोलीत आहे. विटेमुळे ते एका अंगाला कलले आहे, त्यामुळे डावे दार उघडताना एका हाताने वर उचलून धरावे लागते. मी सूनबाईंना विचारले, “हे दार रोज असंच उघडता?” त्या म्हणाल्या, “हो. आता सवय झाली आहे, बाबा.”

सुताराला निरोप धाडला आहे. वसुबारसेच्या आधी येतो म्हणाला. मी त्याच्याकडून तारीख घेऊन ती कालनिर्णयावर लिहून ठेवली आहे. आणि आतेबहिणीला यंदा भाऊबिजेला बोलावताना आधी फोन करून रंग विचारला आहे. ती हसली, आणि पुष्कळ वेळ विचार करून तिने एक सांगितला.